रिसानी आणि मर्झूगा: सहाराच्या काठावर जेवायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोरोक्कोच्या आग्नेय टोकाला, ताफिलाल्तच्या खजूरबनात रिसानी हे बाजाराचं गाव आहे. तिथून साधारण ४० किलोमीटरवर, एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मर्झूगा. पर्यटक राहतात मर्झूगात आणि खाण्याची खरी मजा असते रिसानीत. बहुतेकांची गडबड इथेच होते, म्हणून सुरुवात तिथूनच.

रिसानीत जेवावं की मर्झूगात?

दुपारचं रिसानीत, रात्रीचं मर्झूगात. मर्झूगा आणि त्याच्या उत्तरेचं हस्सी लाबियद इथली बहुतेक हॉटेलं 'डेमी पेन्शन'वर चालतात, म्हणजे खोलीच्या भाड्यातच नाश्ता आणि रात्रीचं जेवण. त्यामुळे संध्याकाळी बाहेर जेवणारी माणसं कमी आणि संध्याकाळी नेटाने चालणाऱ्या खाणावळीही कमी. मर्झूगाच्या मुख्य रस्त्यावर कॅफे आहेत, पण सगळीकडे साधारण तोच मेन्यू: ताजीन (मातीच्या झाकणदार भांड्यात मंद शिजवलेला रस्सा), ऑम्लेट, ब्रोशेत (सळईवर भाजलेलं मांस), बटाट्याचे तळलेले काप.

रिसानीचं उलट आहे. तिथलं खाणं बाजाराच्या घड्याळावर चालतं. सकाळी सातला चूल पेटते, दुपारी एक ते तीन गर्दी असते आणि चारनंतर बरीच ठिकाणं आवरायला लागतात. रात्री आठला रिसानीत पोचून 'आता मस्त स्थानिक जेवू' म्हणाल तर कॅफेतली कोंबडी आणि कॉफी पदरात पडेल.

बाजार कोणत्या दिवशी? इतर दिवशी गेलं तर चालेल का?

मंगळवार, गुरुवार आणि रविवार. रविवारचा सगळ्यात मोठा. आसपासच्या गावांतून माणसं, शेळ्यामेंढ्या, भाजी येते आणि गाढवं उभी करायला वेगळी जागा असते, तिला सगळे गमतीने पार्किंग म्हणतात. बाजाराच्या दिवशी मांस त्याच सकाळचं, भट्टी तापलेली आणि खाणावळीत रांधलेलं संपतं. शिळं उरत नाही, म्हणून पोटासाठीही तो दिवस बरा.

इतर वारी गाव ओस नसतं, पण निवड निम्म्यावर येते. तुमच्या टूरचा मुक्काम सोमवारी किंवा बुधवारी पडत असेल तर जाताना नाही जमलं तरी परतताना रिसानीत थांबता येतं का ते पाहा. रस्ता तिथूनच जातो. टूरवाल्याला हे आधीच सांगा. ऐनवेळी सांगितलं तर तो त्याच्या ठरलेल्या हॉटेलातच नेईल.

मर्झूगाहून रिसानीला शेअर टॅक्सी आणि मिनीव्हॅन जातात. सकाळी जाणं सोपं. परतीची वाहनं दुपारनंतर विरळ होतात, म्हणून जेवायला बसण्याआधी चालकाला परतीची वेळ विचारून ठेवा.

मेदफूना म्हणजे नक्की काय? सगळे त्याला 'बर्बर पिझ्झा' म्हणतात.

बर्बर म्हणजे इथले मूळ रहिवासी; पिझ्झाशी मात्र त्याचा संबंध फक्त गोल आकारापुरता. आपल्याकडच्या सारणाच्या पोळीच्या जवळचा हा प्रकार आहे, फक्त सारण खारं, जाडी बोटभर आणि भाजणं भट्टीत. गव्हाच्या, खमीर घातलेल्या पिठाच्या दोन चकत्या, मध्ये बारीक चिरलेलं मांस, भरपूर कांदा, कोथिंबीर किंवा पार्सली, लसूण, जिरं, लाल गोडी मिरची, सुंठ, मिरी आणि चरबीचे लहान तुकडे. कुणी बदाम घालतात, कुणी उकडलेलं अंडं. नावाचा अर्थ 'पुरलेला', कारण पूर्वी तापलेल्या वाळूत निखाऱ्यांखाली पुरून भाजत. आता गावात लाकडाच्या सार्वजनिक भट्टीत, म्हणजे 'फेर्रान'मध्ये भाजतात.

मिळण्याची ठिकाणं तीन. रिसानीच्या बाजाराभोवतीच्या खाणावळी. मर्झूगातली हॉटेलं, जिथे आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं. आणि मर्झूगाच्या दक्षिणेला सातेक किलोमीटरवरचं खमलिया, जिथे लोक ग्नावा संगीत ऐकायला जातात आणि तिथेच दुपारचं जेवण होतं. आमचं मत रिसानीच्या बाजूने. हॉटेलचा मेदफूना बऱ्याचदा घरगुती गॅसच्या भट्टीतला असतो, त्याचा तळ लाकडाच्या भट्टीसारखा खरपूस होत नाही.

ताटाएवढा एक मेदफूना दोघांना पुरतो, आणि सोबत कोशिंबीर घेतली तर तिघांना. ऑर्डर दिल्यापासून तास-सव्वा तास धरा. वीस मिनिटांत आणून दिला तर तो सकाळचा गरम केलेला आहे.

मांस स्वतः घेऊन मेदफूना भट्टीवर भाजून घेता येतो म्हणे. कसं?

येतो, आणि गावातली माणसं तेच करतात. सकाळी दहाच्या सुमाराला बाजारात पोचा.

आधी खाटकाकडे. दोन-तीन माणसांसाठी अर्धा किलो पुरे. 'मेदफूना' एवढंच म्हणा. तो सुरीने बारीक चिरून देतो. मशीनमधून काढलेला खिमा नको, तो भाजल्यावर एक गोळा होतो. थोडी चरबी तोच घालेल. नको असेल तर 'ब्ला शह्मा' म्हणा, पण अजिबात चरबी नसलेला मेदफूना आतून कोरडा पडतो, तेव्हा दोन चमचे ऑलिव्ह तेल घालायला सांगा.

मग भाजीवाल्याकडून दोन मोठे कांदे आणि पार्सलीची जुडी, आणि मसालेवाल्याकडून चार-पाच दिरहमचा मिश्र मसाला. 'मेदफूनासाठी' म्हटलं की तो न विचारता कागदात बांधतो.

हे सगळं घेऊन भट्टीवर. काही भट्ट्यांवर पीठ तयार असतं आणि भरून, भाजून मिळतो. काही ठिकाणी फक्त भाजून देतात. हे आधी विचारा, नाहीतर हातात मांसाची पुडी घेऊन पीठ शोधत फिराल. मजुरी दहा-वीस दिरहमच्या आसपास. पैसे आणि वेळ दोन्ही ठरवून मगच निघा.

बिघडतं ते दोन कारणांनी. कांदा चिरून, मीठ लावून तासभर ठेवला तर पाणी सुटतं आणि तळाची चकती गिळगिळीत होते; म्हणून मीठ भरताना घालायचं. दुसरं, वरच्या चकतीला मध्ये भोक नसेल तर वाफ कडेने फुटते आणि सगळा रस भट्टीच्या फरशीवर जातो. भट्टीवाला जाणता असतो, पण गर्दीत विसरतो. मेदफूना भट्टीत जाण्याआधी नजर टाका. साडेबारानंतर दिलेला मेदफूना रांगेत मागे पडतो.

आम्ही शाकाहारी आहोत. काय मिळेल?

उपाशी राहणार नाही, पण 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नका. 'लह्म' म्हणजे लाल मांस. 'मी लह्म खात नाही' म्हटलं की समोरचा आनंदाने चिकन आणतो. त्याच्या हिशोबात ते वेगळं. म्हणून तिन्ही नावं घ्या: 'ब्ला लह्म, ब्ला द्जाज, ब्ला हूत', म्हणजे मांस, कोंबडी, मासे यांच्याशिवाय.

दुसरा सापळा रश्शाचा. भाज्यांचं ताजीन मांसाच्याच मोठ्या भांड्यातल्या रश्श्यावर शिजवलेलं असू शकतं, किंवा वरून मांसाचा तुकडा उचलून तुम्हाला 'व्हेज' म्हणून दिलेलं. मसूर ('अदस') आणि पांढरा घेवडा ('लूबिया') दिसायला निर्धोक, पण त्यात कोंबडीच्या अर्काची वडी पडते. हरीरा हे टोमॅटो-मसूर-चण्याचं सूप. त्यात मांसाचे बारीक तुकडे असणं ही रीतच आहे. विचारायचा प्रश्न 'यात मांस आहे का' हा नाही. 'मांसाबरोबर शिजवलंय का' हा आहे.

बरं खात्रीचं काय? बिसारा, म्हणजे सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं. झालूक (वांगं-टोमॅटो) आणि तक्तूका (भाजलेली ढोबळी मिरची-टोमॅटो). अंडं चालत असेल तर ताजीनच्या भांड्यात कांदा-टोमॅटोवर फोडलेलं 'बर्बर ऑम्लेट'. हे डोळ्यांसमोर पंधरा मिनिटांत होतं आणि जुन्या रश्श्याचा प्रश्नच येत नाही. भाज्यांचा मेदफूनाही करून देतात: कांदा, गाजर, ढोबळी मिरची, बदाम. फक्त 'ब्ला शह्मा' न विसरता सांगा, कारण भाजीच्या मेदफूनातही चवीसाठी चरबी घालायची सवय आहे.

आणि बीफ नको असेल तर?

गोमांस इथे रोजचं आहे. 'बेग्री' म्हणजे गाय-बैलाचं, 'घेन्मी' मेंढीचं, 'माअजी' शेळीचं, 'जमल' उंटाचं. केफ्ता, म्हणजे खिम्याचे गोळे किंवा सळईवरचा खिमा, बहुतेक वेळा बेग्रीच. विचारल्याशिवाय घेऊ नका. कालिया हा या भागातला खास पदार्थ मात्र बहुधा मेंढी किंवा शेळीचा: बारीक तुकडे, कांदा, टोमॅटो, भरपूर मसाला, शेवटी अंडं. खाटकाच्या दुकानाला लागून असलेल्या निखाऱ्यांवरच्या खाणावळी या बाबतीत सगळ्यात सोयीच्या. टांगलेलं मांस दिसतं, तुम्ही बोट दाखवता, तो वजन करतो, शेजारचा भाजतो.

जैन जेवण?

कांदा-लसणाशिवाय शिजवलेलं इथे मागू नका. समजावण्यात वेळ जाईल आणि येईल ते खात्रीचं नसेल. मसमन (पदर सुटलेली तव्यावरची चौकोनी पोळी), हरशा (रव्याची भाकरी), खजूर, बदाम, ऑलिव्ह, फळं यांवर दोन दिवस निघतात. हरशात दूध-लोणी असतं. बाकी खाकरा आणि सुकी चटणी घरून आणा.

वाळवंटातल्या कॅम्पमध्ये जेवण कसं असतं?

ठरलेलं आणि एकसारखं. सूप किंवा कोशिंबीर, मग सहा-आठ जणांत एक मोठं कोंबडीचं किंवा मांसाचं ताजीन, पाव, शेवटी खरबूज किंवा संत्री. भूक लागलेली असते म्हणून चांगलं लागतं. पाककलेसाठी कुणी कॅम्पला जाऊ नये. बरंचसं सामान गावातून येतं, त्यामुळे 'आम्ही शाकाहारी आहोत' हे कॅम्पमध्ये पोचल्यावर सांगून उपयोग नसतो. बुकिंग करताना लिहून कळवा आणि उंटावर बसण्याआधी गावात पुन्हा एकदा तोंडी सांगा.

जेवण आठ-नऊच्या आधी येत नाही. लहान मुलं किंवा मधुमेह असलेलं कुणी सोबत असेल तर सहा वाजता खायला काहीतरी जवळ हवं. उंटाच्या खोगिरावरून बाटली काढता येत नाही, तेव्हा खाऊ आणि पाणी पाठीवरच्या लहान पिशवीत ठेवा.

सकाळी लवकर काय मिळतं?

रिसानीत सात ते नऊ या वेळात बिसारा, आणि तळणाऱ्याकडे स्फेंज: पीठ, पाणी, मीठ, खमीर यांचं कडं. दूध-अंडं नाही. गरम खायचं, अर्ध्या तासात ते चामट होतं. हॉटेलच्या नाश्त्यात पाव, मसमन, मुरांबा, ऑलिव्ह, उकडलेलं अंडं. बिसारा नऊनंतर शोधू नका, तो संपतो.

शुक्रवारी काय वेगळं?

कुसकुस. दुपारच्या नमाजानंतर, साधारण दीड ते तीन. इतर दिवशी मेन्यूवर असलं तरी खरं शिजतं ते शुक्रवारीच, कारण करणं वेळखाऊ: रवाळ दाणे हाताने मोकळे करून दोन-तीन वेळा वाफवतात, आणि वाफ खालच्या रश्शाची असते. इथे शाकाहाऱ्यांनी लक्ष द्यावं. 'सात भाज्यांचं कुसकुस' म्हणजे भाज्या सात, पण खालच्या हंड्यात बहुधा मांस असतं. सोबत ताक येतं, त्याला 'लबन' म्हणतात. घरातून आमंत्रण आलं तर उजव्या हाताने, आपल्या समोरच्या भागातूनच खायचं. मधलं मांस यजमान वाटतो. शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात.

तिखट मिळेल का?

मोरोक्कोचं जेवण मसालेदार, पण तिखट नाही. टेबलावर मीठ आणि जिरेपूड असते. लाल तिखट हवं तर 'सुदानिया' मागा. चिमूटभर देतील, आणखी मागायला लाजू नका.

पाणी आणि पोट?

बाटलीबंद प्या. सिदी अली, ऐन सैस अशी नावं दिसतील. झाकणाचं सील तपासा. ताफिलाल्तच्या पाण्यात क्षार बरेच असतात, त्यामुळे जंतू नसले तरी नव्या माणसाचं पोट कुरकुरतं. पाच लिटरचा कॅन रिसानीतून घ्या, मर्झूगात आणि कॅम्पमध्ये तेच महाग.

पोट बिघडवणाऱ्या गोष्टी बहुधा दोन: आधीच चिरून ठेवलेली कोशिंबीर आणि दुपारपासून उघड्यावर असलेला कोंबडीचा तुकडा. ताजीन मात्र उकळत येतं, ते सुरक्षित. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा उघड्यावरचं मांस दुपारनंतर घेऊच नका. ओआरएसची पाकिटं घरूनच आणलेली बरी.

पैसे किती लागतात?

एक दिरहम म्हणजे ढोबळमानाने नऊ-दहा रुपये. बाजारातल्या खाणावळीत ताजीन ४० ते ७० दिरहम, पर्यटकांच्या हॉटेलात त्याच्या दीडपट ते दुप्पट. बिसारा दहाच्या आत. मेदफूना आकार आणि मांसाप्रमाणे ६० ते १५०. आकार हाताने दाखवून किंमत आधी ठरवा. मेन्यूवर दर नसतील तर बसण्याआधी विचारा, त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

रोख रक्कम एर्फूद (रिसानीच्या उत्तरेचं गाव) किंवा रिसानीच्या एटीएममधून काढा, २० आणि ५०च्या नोटा करून ठेवा. खाणावळीत कार्ड चालेल असं धरू नका. टीप साध्या ठिकाणी पाच-दहा दिरहम.

माराकेश किंवा फेसहून येताना दुपारी कुठे थांबावं?

माराकेशहून साधारण ५६० किलोमीटर, फेसहून ४७० च्या आसपास. दोन्हीकडून दिवस जातो. टूरमध्ये दुपारचं जेवण सहसा धरलेलं नसतं आणि गाडी थांबते ती ठरलेल्या जागी, जिथे चालकाचं जेवण फुकट आणि तुमचं १००-१५० दिरहम. गावात उतरलात तर दोनशे पावलांवर निखाऱ्यांची खाणावळ सापडते. फेसच्या रस्त्यावर मिदेल्त ही साधारण मध्यावरची जागा, सफरचंदांसाठी प्रसिद्ध.

चहाला किती वेळा 'हो' म्हणायचं?

दुकानात एकदा 'हो' म्हटल्याने गालिचा विकत घ्यावा लागत नाही. चहा चिनी 'गनपावडर' (पानांच्या बारीक गोळ्या वळलेला) हिरवा, वर पुदिना, आणि साखर किटलीतच. 'श्विया सुक्कर' म्हणजे साखर कमी. 'ब्ला सुक्कर' म्हणजे बिनसाखरेचा. हे किटली चढण्याआधी सांगायचं, नंतर काढता येत नाही. थंडीत पुदिन्याऐवजी 'शीबा' (दवण्याच्या जातीची वनस्पती) घालतात. ती कडू असते.

खजूर कुठला, कधी आणि कसा घ्यावा?

नवा खजूर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. एर्फूदला ऑक्टोबरात खजूर महोत्सव भरतो. ताफिलाल्तच्या सिजिल्मासा या शहराचे अवशेष रिसानीला लागूनच आहेत. चौदाव्या शतकात मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता तिथे आला आणि तिथल्या खजुराची तारीफ करून गेला.

मजहूल मोठा, मऊ, सगळ्यात महाग. बूफग्गूस मध्यम, चवीला आमच्या मते त्याहून सरस आणि निम्म्या-पाऊण भावात. बूस्क्री कोरडा, टिकाऊ, प्रवासाला उत्तम. मुंबई-पुण्यात सुकामेव्याच्या दुकानात 'मेडजूल' म्हणून जो डबा मिळतो तो हाच मजहूल. बायूद या बुरशीच्या रोगाने मोरोक्कोतली मजहूलची झाडं धडाधड मरत होती, तेव्हा १९२७ साली याच प्रदेशातल्या बूदनिबहून ११ रोपं अमेरिकेत नेली; त्यातली ९ जगली आणि तिथली लागवड त्यांच्यापासून वाढली.

घेताना एक खजूर फोडून बघा, विकणारा हरकत घेत नाही. आत काळी भुकटी किंवा जाळं दिसलं तर अळी आहे, तो ढीग सोडा. सालीखाली पांढरे खडे असतील तर ती साखर, म्हणजे माल जुना. खायला चालतो, पण नव्याचा भाव देऊ नका. फार चकचकीत दिसणाऱ्या खजुराला कधी कधी सरबत लावलेलं असतं, बोट चिकटतं. ढिगातला खजूर धुऊनच खा. मऊ मजहूल विमानासाठी कडक डब्यात भरा, पिशवीत त्याचा लगदा होतो.

रमजानात गेलं तर?

दिवसा बाजारातल्या खाणावळी बंद. पर्यटक हॉटेलात दुपारचं जेवण मिळतं, पण सकाळीच सांगावं लागतं. गाडीत पाणी पिताना चालकाचा उपास आहे हे लक्षात ठेवा. देशाचं घड्याळ या महिन्यात एक तास मागे घेतात, त्यामुळे बस आणि टॅक्सीच्या वेळा पुन्हा तपासा. सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास रस्ते रिकामे होतात आणि टॅक्सी मिळत नाही. सूर्यास्ताला हरीरा, खजूर, उकडलेलं अंडं, मधात बुडवलेली शबाकिया (तळलेली मिठाई). बकरी ईदला मात्र दोन-तीन दिवस भट्टी, खाटीक, खाणावळ सगळंच बंद असतं; तेव्हा हॉटेलातलं जेवण धरूनच बुकिंग करा.